सान्ता वेराचा पाठिंबा

भारताच्या राष्ट्रपतिपदासाठी परकीय शक्तीची मदत घेण्याचा एक गंभीर प्रयत्न सातारा जिल्ह्यातून झाला होता. मी त्याचा साक्षीदार आहे आणि इतिहासाच्या हितासाठी आज प्रथमच त्याबद्दल बोलतो आहे. परकीय शक्तीने आम्हाला चहा आणि नानकटाई दिली. नानकटाई मऊ पडली होती.

पसरणीच्या घाटात धुकं इतकं दाट होतं की जीपच्या बॉनेटवरचा पक्षाचा झेंडा मला आत बसून दिसत नव्हता. रंगअण्णा फडतरे मात्र सुसाट निघाले होते. समोरचं काही दिसतंय का, असं मी भीत भीत विचारलं, तर म्हणाले रस्ता पाठ आहे. मागच्या सीटवर मांडीवर डबा घेऊन बसलेल्या मालनवहिनी म्हणाल्या, "मतदारसंघ पण पाठच होता."

अण्णा अकरा निवडणुका लढले होते आणि अकराही हरले होते. नगरपालिका, पंचायत समिती, खरेदी-विक्री संघ, विधानसभा, एकदा तर लोकसभा. अखिल भारतीय शेतकरी-कारागीर समन्वय पक्षाचे ते संस्थापक आणि अध्यक्ष होते. पक्षाच्या नावात जेवढे शब्द, त्याहून सभासद थोडेसेच जास्त. पुढच्या वर्षी राष्ट्रपतीची निवडणूक होती आणि आपण तिला उभे राहणार, असं अण्णांनी रहिमतपूरच्या बाजारात सभा घेऊन जाहीर करून टाकलं होतं. त्या अर्जावर आमदार-खासदारांच्या सह्या लागतात. अण्णांना ओळखणारा आमदार एकच होता आणि तो अण्णा दिसले की रस्ता बदलायचा.

आमच्याकडे निवडणूक म्हणजे पाठिंबा, हे बाहेरच्यांना पटकन कळत नाही. नाभिक संघटनेचा पाठिंबा, बँडवाल्यांचा पाठिंबा, माजी सैनिकांचा पाठिंबा. देणारा आणि घेणारा दोघं मिळून एक कागद धरतात, कागदाकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघतात, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. मतं नंतर मोजतात. माणूस मोठा होतो तो पाठिंब्यावर. अण्णांनी तालुक्यातले सगळे पाठिंबे वापरून संपवले होते. आता पद देशाचं, तर पाठिंबाही एखाद्या देशाचाच पाहिजे, असं त्यांचं साधं त्रैराशिक होतं. तसा एक फोटो छापून आला की आमदार आपोआप रांगेत उभे राहणार होते.

मी तेव्हा कॉलेजात इंग्रजी शिकवायचो, म्हणून दुभाषा. दिल्लीतल्या वकिलातींना मीच पत्रं लिहिली होती. एकीने कॅलेंडर पाठवलं, बाकीच्या गप्प बसल्या. उत्तर आलं ते फक्त पाचगणीहून, सान्ता वेरा प्रजासत्ताकाच्या मानद वाणिज्यदूतांकडून. अवश्य या, आम्ही वाट पाहत आहोत. मी नकाशात देश शोधला, सापडला नाही. अण्णा म्हणाले, रहिमतपूर तरी कुठं सापडतंय.

वहिनी का येताहेत, ते मात्र त्यांनी मला निघतानाच सांगितलं होतं. लोकसभेच्या निकालानंतर अण्णा महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडले होते, जेवायलासुद्धा त्यांना उठवावं लागायचं. "ह्येंनी काय व्हायचं ते होऊ दे, सर," त्या म्हणाल्या होत्या. "ह्या खेपेला माणूस धड घरी आला पायजे. मला बाकी काय नगं."

बंगला टेबललँडच्या अंगाला, सिल्व्हर ओकच्या झाडांत होता. फाटकावरची पितळी पाटी लखलखीत होती. झेंडा ओला होऊन काठीला चिकटला होता, त्यामुळे त्यावर काय आहे ते कळेना. आम्ही घंटी वाजवायच्या आधी दार उघडलं.

वाणिज्यदूतांचं नाव अल्मेडा. उंच, बारीक, पांढरी पँट, पांढरा सदरा. त्यांच्या वयाचा अंदाज मला आजही करता येत नाही. त्यांनी नमस्कार केला आणि अस्खलित मराठीत म्हणाले, "प्रवास सुखाचा झाला असेल, अशी आशा आहे." जुन्या रेडिओवरच्या बातम्यांसारखं मराठी होतं ते. म्हणजे माझं काम तिथेच संपलं, आणि मी नानकटाईकडे वळलो.

चहा होईपर्यंत त्यांनी देशाची माहिती दिली. सान्ता वेरा हे हिंदी महासागरातलं एक बेट होतं. अठ्ठावन्न साली समुद्राने ते परत घेतलं. त्यांनी 'बुडालं' म्हटलं नाही, 'परत घेतलं' असंच म्हटलं. लोक निरनिराळ्या देशांत गेले, तिथले नागरिक झाले, म्हातारे झाले. नागरिक असा आता एकच उरला होता, स्वतः अल्मेडा. पण देश चालू होता. देश असा एकदम बंद करता येत नाही, त्याला पद्धत असते, असं ते म्हणाले. अण्णांनी मान डोलावली. स्वतःच्या पक्षाबद्दल त्यांचं अगदी हेच मत होतं.

मग अण्णांनी विषय काढला. बाजारातल्या सभेत केलेलं भाषण त्यांनी खुर्चीत बसून केलं. अल्मेडांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. एवढं शांतपणे अण्णांचं भाषण ऐकणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

"भारताच्या निवडणुकीत आम्ही हस्तक्षेप करीत नाही," ते म्हणाले. "क्षमा असावी."

अण्णांचा चेहरा उतरला. मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी अण्णांच्या हातातली बशी काढून घेतली.

"मात्र," अल्मेडा उठत म्हणाले, "आमच्याकडे पद रिकामं आहे."

आतल्या दालनात एका भिंतीवर सात फोटो होते. सातही माणसं आपल्याकडचीच दिसत होती. कुणाला गांधी टोपी, कुणाला फेटा, एकाच्या कपाळावर बुक्का. सगळ्यांच्या अंगात एकच कोट, गडद निळा, बंद गळ्याचा, शिंपल्यांच्या गुंड्यांचा. एक माणूस काठीसारखा वाळका होता, शेजारचा दोन माणसांएवढा. कोट दोघांनाही बेतून शिवल्यासारखा बसला होता. आणि सातही जण कॅमेऱ्याकडे न बघता जरा डावीकडे, लांब कुठेतरी बघत होते.

अण्णा वाळक्या माणसापाशी थांबले. "आवो, हे तर वैजापूरचे आबासाहेब थेटे. सर, ह्यांनी एकट्यानं पक्ष काढला होता. सगळीकडं पडायचे. मग एकाएकी कुठं गेले, कुणाला पत्ताच न्हाई."

"चौथे राष्ट्रपती," अल्मेडा म्हणाले. "त्यांची कारकीर्द फार चांगली झाली."

"मग आता कुठं असत्यात?" वहिनींनी विचारलं.

"कारकीर्द पूर्ण झाली, बाई."

त्यांनी शेवटचं दार उघडलं. खोलीत फर्निचर नव्हतं. जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत वाळू होती, उंबऱ्याच्या पातळीला सारखी केलेली. पलीकडच्या भिंतीला एक खिडकी, खिडकीबाहेर नुसतं पांढरं. बेट जाताना जेवढं आणता आलं तेवढं इथे आणलं आहे, असं अल्मेडांनी सांगितलं. ही सान्ता वेराची भूमी. राष्ट्रपतीने भूमीवर राहायचं असतं आणि कारकीर्द संपेपर्यंत ती सोडायची नसते. घटनेत राष्ट्रपतीबद्दल एवढंच लिहिलं आहे.

हे सगळं त्यांनी आम्हाला आधी सांगितलं, हे मी मुद्दाम नमूद करतो. फसवाफसवी काही नव्हती. पण तोवर अण्णांनी, देवळात शिरताना काढतो तशा, चपला काढल्या होत्या. आणि अल्मेडांच्या हातात कोट होता.

अण्णांच्या खांद्यावर कुणी काही घालायला आलं की अण्णा मान झुकवतात. तीस वर्षांच्या शालींची सवय. शाल कोण घालतंय, कशाबद्दल घालतंय, हे त्यांनी आयुष्यात कधी विचारलं नव्हतं. सत्कार चाललाय एवढं त्यांच्या मानेला आपोआप कळायचं. त्यांनी वाळूत दोन पावलं टाकली, मान झुकवली, हात मागे केले. कोट चढला. अण्णांचं पोट लक्षात घेता तो चढायला नको होता.

"अभिनंदन," अल्मेडा म्हणाले. "आता केवळ औपचारिकता राहिली. दुसरा उमेदवार नसल्यास निवड बिनविरोध जाहीर होईल."

बिनविरोध. हा शब्द अण्णांनी इतरांच्या बाबतीत आयुष्यभर ऐकला होता. ते आता रडतील असं मला वाटलं. पण ते रडले नाहीत. त्यांनी सावकाश मान वर केली, आणि ते जरा डावीकडे, लांब कुठेतरी बघत होते.

वहिनी उंबऱ्याशी आल्या. "अवो, झालं न्हवं? आता चला. घाट उतरायचाय."

अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं. अतिशय सौजन्याने पाहिलं. अण्णा ओरडून बोलतात. शेजारच्या माणसाशीही त्यांना माईकशिवाय जमत नाही. हा आवाज मऊ होता.

"आपण कुठून आलात, बाई? काही निवेदन आहे का?"

वहिनी हसल्या. मीही हसलो. मग वहिनींचं हसू थांबलं, माझं जरा उशिरा.

"चेष्टा पुरे. थोरली वाट बघत आसंल. तिला आज दवाखान्यात न्यायचंय."

"कोण थोरली?"

"तुमची लेक. नाव सांगा बघू तिचं."

अण्णा जरा वेळ आठवत राहिले. "राज्यातल्या सगळ्या मुली माझ्याच मुली आहेत," ते म्हणाले.

आता हे वाक्य त्यांनी आधी शंभरदा म्हटलेलं होतं. पुढारी म्हणतातच. म्हणून हा माणूस आपल्याला विसरला आहे की नुसता राजकारण करतो आहे, हे मला ठरवता येईना. वहिनींना ठरवता आलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. कोट काढा, असं त्यांनी दोनदा सांगितलं. पद असं सोडता येत नाही, असं अण्णांनी तितक्याच मऊ आवाजात समजावलं आणि ते पुन्हा खिडकीकडे वळले. वाळूत त्यांची पावलं उमटली होती, आणि त्या ठशांत पाणी भरत होतं. बाहेर सिल्व्हर ओक वाऱ्याने हलत असावेत, कारण एक संथ, येणारा-जाणारा आवाज होता. मी वारा शोधत खिडकीकडे पाहिलं. धुकं जागचं हलत नव्हतं.

मी अल्मेडांना बाजूला घेऊन इंग्रजीत विनंती केली. त्यांनी मराठीत उत्तर दिलं की ते असमर्थ आहेत, नियम आहेत. मग त्यांनी घसा साफ केला आणि खोलीला उद्देशून विचारलं, "आणखी कुणी इच्छुक?"

त्यांनी आमच्या एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"आणखी कुणी इच्छुक?"

पुढे तिसऱ्यांदा विचारून ते मोकळे होणार, हे उघड होतं. लिलावात होतं तसंच. मी खरं तर तोंड उघडायला हवं होतं, पण माझी नजर मागे, दालनातल्या त्या सात फोटोंवर होती आणि आठव्याला भिंतीवर जागा किती आहे ते माझं मन मोजत होतं.

"आणखी कुणी—"

"मी हाय," मालनवहिनी म्हणाल्या. डबा माझ्या हातात देऊन त्यांनी चपला काढल्या आणि वाळूत पाय ठेवला. थंडगार असावी, त्यांनी श्वास आत घेतला. "लिहा माझं नाव. मालन रंगराव फडतरे."

अल्मेडांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. इतक्या वर्षांत निवडणूक लढवली जाण्याचा हा पहिलाच प्रसंग, असं ते म्हणाले. उमेदवारांना काही निवेदन करायचं आहे का? अण्णांनी हलकेच नकार दिला. ज्या माणसाने कधी माईक सोडला नाही, त्याने भाषण नाकारलं.

वहिनी म्हणाल्या, "मला काय बोलता येत न्हाई. पर ह्येंच्यापेक्षा बरं करीन. ह्येंना घरातला नळ दुरुस्त करून घेता येईना, ह्यो देश काय बघणार? आन् साहेब, तुमी जेवता का वेळेवर? ती नानकटाई कवाची हाय?"

हे अख्खं प्रचाराचं भाषण. अल्मेडा मत द्यायला दालनातल्या एका पडद्यामागे गेले. मतदार एकच असल्यामुळे मतदान लवकर आटोपायला हरकत नव्हती, पण ते बराच वेळ आत होते. आम्ही तिघं उभे. आवाज येत होता, जात होता. अण्णांच्या घोट्यापर्यंत वाळू आली होती, किंवा ते तेवढे खचले होते.

अल्मेडा बाहेर आले. सरळ उभे राहून त्यांनी निकाल वाचल्यासारखा सांगितला. "एकूण मतदान एक. अवैध मते नाहीत. श्रीमती मालन फडतरे, एक. श्री. रंगराव फडतरे, शून्य. श्रीमती फडतरे निवडून आल्याचे मी जाहीर करतो."

अण्णांची मान गर्रकन वळली.

"आं? शून्य?" घर हादरलं. हा अण्णांचा आवाज होता, बाजारपेठेतला. "शून्य कसं? मोजणी परत घ्या. माझा पोलिंग एजंट कुठाय? सर, तुमी काय करत होता? लिहून घ्या, हरकत घेतलीय मी. आरं, दरवेळी ह्येच. खरेदी-विक्री संघाला पण ह्येच केलं होतं भडव्यांनी..."

कोट त्यांच्या अंगावर आता पाठीत फाटेल इतका तंग झाला होता. त्यांनी तो ओरबाडून काढला आणि भिरकावला. वाळूतून बाहेर येताना ते पडता पडता वाचले. मी इतक्या जवळून पाहिलं म्हणून सांगतो, पराभवाने माणूस शुद्धीवर येताना मी दुसरा पाहिलेला नाही. तो त्यांचा बारावा होता. बिनविरोध झाले असते तर अण्णा संपले असते. हरले आणि आपल्या ओळखीचे झाले. "मालन, चल," ते उंबऱ्यावरून ओरडले. "थोरलीला दवाखान्यात न्यायचंय ठाऊक हाय न्हवं तुला? हितं थांबायचं न्हाई आपल्याला."

पण वहिनी वाळूतच होत्या. आणि अल्मेडांनी कोट उचलून, झटकून, त्यांच्या खांद्यावर घातला होता. नऊवारीवर तो निळा कोट. तो त्यांना बसला. वैजापूरच्या आबासाहेबांना बसला होता तसाच.

वहिनी खिडकीकडे बघत होत्या. जरा डावीकडे.

"भरती आलीया," त्या म्हणाल्या. मऊ आवाजात.

अण्णांनी दाराची चौकट धरली. "मालन," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले. अकरा निवडणुकांत त्यांनी कधी वहिनींकडे काही मागितलं नव्हतं. मतसुद्धा गृहीतच धरलेलं.

"मालन, घरी ये," ते शेवटी म्हणाले. "मला जमायचं न्हाई."

खिडकीवरची नजर न काढता वहिनींनी अल्मेडांना विचारलं, "राजीनामा द्यायचा असंल तर कुणाकडं द्यायचा?"

"राष्ट्रपतींकडे," अल्मेडा म्हणाले.

"म्हंजे माझ्याकडं."

"होय, बाई."

"मग दिला."

"तो मंजूर व्हावा लागतो," अल्मेडा म्हणाले. त्यांचा आवाज किंचित घाईचा वाटला मला. "विचारपूर्वक. घाई नाही."

वहिनींनी विचार केला. खरंच केला, हे मला दिसत होतं. त्यांनी खिडकीकडे बघितलं, रिकाम्या, स्वच्छ खोलीकडे बघितलं, जिथे काही राबायला नव्हतं, कुणी हाक मारायला नव्हतं. अण्णा चौकटीला धरून उभेच होते. मी डबा छातीशी धरला होता.

"मंजूर," वहिनी म्हणाल्या, आणि कोटाच्या गुंड्या एकेक करून काढल्या.

अल्मेडा आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आले. अण्णा-वहिनी जीपमध्ये बसले. माझ्याशी हात मिळवताना अल्मेडा म्हणाले, "सर, आपण अविवाहित आहात ना? पद पुन्हा रिकामं आहे." त्यांचा हात ओला होता. घरी जाऊन मी माझा हात धुतला, त्याला खारट वास होता. पण तेव्हा माझ्या हातात वहिनींचा डबाही होता, आणि डब्यात सुकट होती.

घाट उतरताना अण्णा कधी नव्हे ते हळू चालवत होते. वाईत आल्यावर वहिनी मागून म्हणाल्या, "बरं वाटलं हुतं हो. घटकाभर." अण्णांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी आरशात पाहिलं.

राष्ट्रपतिपदाचा अर्ज त्यांनी भरला नाही. बाजारात लोकांनी विचारलं तेव्हा सांगितलं की राष्ट्रपतिपद एका मताने हुकलं. हे खोटं म्हणता येत नाही.

दोन वर्षांनी कॉलेजची सहल घेऊन गेलो, तेव्हा मी तो बंगला शोधला. फाटक होतं, पाटी होती. दार उघडं होतं, आत कुणी नव्हतं. दालनातल्या भिंतीवर फोटो आठ होते. आठव्यात नऊवारी आणि निळा कोट, नजर जरा डावीकडे. त्या दुपारी कुणी फोटो काढला नव्हता. आमच्यापैकी कुणाकडे कॅमेराच नव्हता. पेपरातल्या फोटोसाठी म्हणून ठरवलेला फोटोग्राफर धुकं बघून वाईलाच उतरला होता. मी शेवटच्या दारापर्यंत गेलो नाही. पोरं बाहेर शिट्या मारत होती.

वहिनींना मी फोटोचं सांगितलं नाही. अण्णांना सांगितलं, आणि ते चुकलंच म्हणायचं, कारण पुढे नगरपालिकेत आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा अण्णांनी वहिनींना उभं केलं. घरोघर फिरले, या वेळी त्यांच्या मागून. "आमच्या उमेदवार माजी राष्ट्रपती आहेत," असं प्रत्येक दारात सांगायचे. लोक ऐकून घ्यायचे. वहिनी पुढच्या घराकडे चालू लागायच्या.

वहिनी तिसऱ्या आल्या. उमेदवार तीनच होत्या.